समुपदेशनाच्या खोलीत व्याख्यान नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की जिल्हाभरातल्या 'विद्यार्थी समुपदेशन शिबिरां'च्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. छायाचित्रात व्यासपीठ, समई, पाहुण्यांच्या हाती गुलाबपुष्प आणि समोर सतरंजीवर दीड-दोनशे मुले. पाहुणे तास-दीड तास बोलतात: खचू नका, मोबाइल कमी करा, आईवडिलांच्या कष्टांची जाणीव ठेवा. आयोजकांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण ज्या मुलीला पंधरा दिवस झोप लागलेली नाही तिला या संपूर्ण कार्यक्रमात एक वाक्यही बोलायला मिळत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात समुपदेशनाचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत, ते व्यक्तिकेंद्री समुपदेशन, म्हणजे सल्ला देण्याऐवजी समोरच्याला नीट ऐकून घेण्याची पद्धत, प्रत्यक्षात कसे चालते, त्याला काय लागते आणि आपल्या भागात ते कुठे फसते हे वाचकांपुढे ठेवण्यासाठी. या कामाला एक बंद होणारे दार, पाऊण तास आणि ऐकायला शिकलेला एक माणूस लागतो. त्यातले काहीही व्यासपीठावर मिळत नाही.

निकालाचेच उदाहरण घेऊ. कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून दहावीच्या निकालात राज्यात पहिले येत आहे. २०२४ मध्ये त्याचा निकाल ९९.०१ टक्के होता. त्याचा अभिमान रास्तच आहे. पण शंभरातले नव्व्याण्णव जिथे पास होतात तिथे उरलेल्या एकाचे काय होत असेल? आणि पास होऊनही ५८ टक्क्यांवर थांबलेल्याचे? वाडीत पेढे वाटले जातात, गणपतीला आलेले मुंबईकर काका 'किती मिळाले रे?' विचारतात आणि तो पोर खळ्यातून मागच्या दाराने बागेत निघून जातो. त्याला कोणी मारलेले नसते की बोललेलेही नसते. तरी जितके गुण तितकेच आपले मोल, हे त्याला पुरते समजलेले असते.

कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नेमके हेच दुखणे धरले. रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांबरोबर त्यांनी बारा वर्षे काम केले आणि १९४२ व १९५१ च्या पुस्तकांतून आपली ही व्यक्तिकेंद्री पद्धत मांडली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लहानपणापासून आपल्याला प्रेम मिळते, पण बहुतेक वेळा त्याला अटी चिकटलेल्या असतात. मुलगा असून रडू नको. मोठी आहेस, समजून घे. घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही. प्रेम टिकावे म्हणून मूल या अटी स्वतःच्याच मानते आणि मोठेपणी त्यांच्याच मापाने स्वतःला जोखते. मग जे आत वाटते आणि जे 'वाटायला हवे' त्यांत फट पडते. नवरा मुंबईला, सासूसासरे म्हातारे, गुरे, कुळीथ-नाचणी, मुलांची शाळा हे सगळे एकटीने ओढणाऱ्या बाईला मनातून संताप येतो. 'चांगली सून' म्हणून तिला तो येता कामा नये. मग तो डोकेदुखी होऊन, छातीतली धडधड होऊन, रात्री तीन वाजता लागणारी जाग होऊन बाहेर येतो. ती दवाखान्यात जाते, ताकदीची बाटली आणि गोळ्या घेऊन परत येते.

रॉजर्स यांचा भरवसा असा होता की परिस्थिती थोडी अनुकूल झाली तर माणूस स्वतःच सावरण्याच्या दिशेने जातो. लहानपणी तळघरात साठवलेल्या बटाट्यांना इवल्याशा खिडकीच्या दिशेने फिकट कोंब फुटताना त्यांनी पाहिले होते, आणि ही गोष्ट ते उतारवयापर्यंत सांगत. आपल्याकडे माळ्यावर ठेवलेल्या सुरणाचेही तेच होते. त्या कोंबाला ओढून लांब करता येत नाही. त्याला माती आणि उजेड मिळेल एवढे पाहणे आपल्या हातात असते.

ही माती कशाची, हे त्यांनी १९५७ च्या एका निबंधात सहा अटींत सांगितले. समुपदेशक आणि समोरची व्यक्ती यांच्यात खरा संपर्क हवा. ती व्यक्ती आतल्या विसंगतीने बेचैन असावी. पुढच्या तीन अटी समुपदेशकाच्या आहेत: त्याने मुखवटा न घालता प्रामाणिक असणे, समोरच्याचा विनाअट स्वीकार करणे आणि त्याचे जग त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे. सहावी अट प्रशिक्षणात घाईघाईने उरकली जाते, खरे तर सारे तिच्यावर अडते. हा स्वीकार आणि ही समज समोरच्या माणसाला थोडी तरी जाणवली पाहिजे. समुपदेशकाच्या मनात कितीही कणव असो, तो बोलताना फॉर्म भरत असेल तर ती पोहोचत नाही, आणि न पोहोचलेल्या कणवेचा काही उपयोग होत नाही.

'नुसते ऐकून काय होणार?' हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो आणि तो वाजवी आहे. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे नैराश्याच्या ५१० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यक्तिकेंद्री समुपदेशन आणि विचार-वर्तन उपचार (विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी पद्धत, सीबीटी) यांची त्यात थेट तुलना होती. सहा महिन्यांनी दोन्ही पद्धती सारख्याच उतरल्या. वर्षाअखेर मात्र विचार-वर्तन उपचार काहीसा सरस ठरला. या निष्कर्षाचे दोन्ही अर्धे आम्ही लोकांना सांगतो. ही पद्धत रामबाण नाही, पण तिला 'गप्पा मारणे' म्हणून उडवूनही लावता येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. भेट ४५ ते ५० मिनिटांची, आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी, त्याच वेळी आणि त्याच जागी. पहिल्याच भेटीत पाच-सात मिनिटे काढून चार गोष्टी स्पष्ट करायच्या: भेट किती वेळाची, पैसे लागतील की नाही, साधारण किती भेटी धरून चालायचे आणि बोललेले कोणाला कळणार. सहा भेटी झाल्या की दोघांनी मिळून विचारायचे, याचा उपयोग होतोय का, पुढे जायचे का. बऱ्याच जणांचे सहा ते बारा भेटींत भागते. काहींना जास्त लागतात.

खोलीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे सगळ्यात आधी तिथेच बिघडते. दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या, अगदी समोरासमोर नकोत, किंचित तिरप्या. मध्ये टेबल नको, टेबल आले की साहेब आणि अर्जदार तयार होतात. दोघांना दिसेल असे घड्याळ, पाण्याचा तांब्या, फोन बंद. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्लायवूडचे पार्टिशन टाकून 'समुपदेशन कक्ष' केलेला असतो आणि ते पार्टिशन छतापर्यंत पोहोचत नाही. पलीकडे लसीकरणाला बसलेल्या बायकांना शब्दन् शब्द ऐकू येतो. पत्र्याच्या छपराखालची खोली जूनपासून सप्टेंबरपर्यंत निरुपयोगी, कारण पावसाच्या माऱ्यात ओरडून बोलावे लागते, आणि ओरडून कोणी मनातले सांगत नाही. स्लॅबची, कोपऱ्यातली, लहानशी खोली चालते. ग्रंथालयाची मागची खोली असेल तर फारच उत्तम, कारण ग्रंथालयात कोण कशाला गेले हे कोणी विचारत नाही.

हा मुद्दा शहरी वाचकाला किरकोळ वाटेल. गावात कोणाची स्कूटर कुठे उभी आहे हे अर्ध्या तासात भावकीला कळते. त्यामुळे समुपदेशनाची वेळ आठवडा बाजाराच्या दिवशी ठेवावी. त्या दिवशी घराबाहेर पडायला कोणाला कारण द्यावे लागत नाही. सकाळच्या एसटीने येऊन दुपारच्या गाडीने परतता येईल, अशी ती बसवावी. भेट साडेचारला संपणार आणि परतीची गाडीही साडेचारचीच असेल, तर बाई भेटीभर घड्याळाकडे पाहत राहते. नोंदवहीत नाव, तारीख पुरे. केस पेपरच्या खिडकीवर 'काय होतंय?' असे चारचौघांत विचारणे बंद झाले पाहिजे.

आता खोलीतले बोलणे. समजा, एक बागायतदार येतो. मोहोर चांगला आला होता, थ्रिप्स (फुलकिडी) पडली, त्यात मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, फवारणीचा खर्च निघाला नाही. तो म्हणतो, "माका कायच सुचना नाय. बागेत जाऊक नको वाटता."

इथे बहुतेकांच्या तोंडून निघणारी उत्तरे ठरलेली आहेत. "अहो, यंदा सगळ्यांचंच नुकसान झालंय." "पुढच्या वर्षी होईल चांगलं." "पीक विमा काढला होतात ना?" पहिल्या उत्तराने त्याचे दुःख घाऊक केले, दुसऱ्याने ते पुढे ढकलले, तिसऱ्याने त्याला हिशेबाला बसवले. तिन्ही उत्तरे मायेपोटीच येतात आणि तिन्हींनंतर तो "होय, होय" म्हणून गप्प होतो.

व्यक्तिकेंद्री समुपदेशक म्हणेल, "जी बाग इतकी वर्षं राखलीत, तिथं आता पाऊलच टाकवत नाही." आणि थांबेल. या वाक्यात सल्ला नाही, प्रश्नही नाही. ऐकलेले त्याने आपल्या समजुतीप्रमाणे परत समोर ठेवले. समज चुकली असेल तर तो माणूस लगेच दुरुस्त करतो: "बागेचा नाय ओ. बापाशीन लावलेली कलमां. त्येंका तोंड कसा दाखवू?" दोन मिनिटांत बोलणे आंब्यावरून वडिलांपाशी आणि लाजेपाशी आले. सल्ला दिला असता तर पाच भेटींतही ते तिथे पोहोचले नसते. म्हणून समज चुकण्याची भीती बाळगू नये. नम्रपणे मांडलेली चुकीची समजसुद्धा बोलणे पुढे नेते.

नवशिके इथे पोपटपंची करतात. तो म्हणाला 'सुचत नाही', हे म्हणतात 'तुम्हाला सुचत नाही'. दोन-तीन वेळा असे झाले की समोरचा वैतागतो. शब्द परत द्यायचे नसतात, त्यामागचे वाटणे परत द्यायचे असते. त्यातही मापात: तो 'जरा कसंतरी वाटतं' म्हणाला असेल तर 'तुम्ही अगदी कोसळला आहात' म्हणू नये. बोली त्याची ती आपली. मालवणीत, संगमेश्वरीत किंवा कोकणी मुसलमानांच्या बोलीत बोलणाऱ्याला पुस्तकी मराठीत उत्तर दिले की तो स्वतःही पुस्तकी होतो आणि 'तणाव', 'समस्या' असले शब्द वापरू लागतो. त्या शब्दांत त्याचे काही नसते.

'का' ने सुरू होणारे प्रश्न कमी करावेत. "का प्यायलास?" "का नाही सांगितलंस घरी?" हे प्रश्न पंचनाम्यासारखे कानावर पडतात आणि माणूस बचाव करू लागतो. "तेव्हा काय चाललं होतं मनात?" एवढा बदल पुरतो. शांतताही भरून काढू नये. रडू येण्याआधी किंवा अवघड गोष्ट बोलण्याआधी माणूस अर्धा-एक मिनिट गप्प होतो. खोलीतला अर्धा मिनिट फार लांब वाटतो आणि समुपदेशकच घाबरून बोलून टाकतो. मग ती गोष्ट त्या दिवशी राहून जाते. "माझ्या बहिणीचंही अगदी असंच झालं" हे वाक्यही मनातच ठेवावे. त्यानंतरची दहा मिनिटे बहिणीवर जातात.

प्रामाणिकपणाची अट ऐकायला सोपी, पाळायला कठीण. बोलणे कळले नाही तर "कळलं नाही, पुन्हा सांगाल का?" असे म्हणावे. खोटी मान हलवलेली ओळखू येते. आणि विनाअट स्वीकार म्हणजे होकार नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस समोर असेल, तर त्याच्यातल्या माणसाला जागा द्यायची; मारहाणीला कुठलेही समर्थन द्यायचे नाही. त्या बाईची सुरक्षितता आधी पाहायची, आणि अशा वेळी नवरा-बायकोला एकत्र बसवून 'समजूत' घालायची नाही. घरी गेल्यावर आत बोललेल्या शब्दांची किंमत तिला मोजावी लागते.

देवस्कीचा प्रश्न येतोच. घरात आजारपण आले की कौल लावणे, गाऱ्हाणे घालणे, कोणाचे तरी 'केलेले' आहे असा संशय, हे आपल्याकडे आहे. समुपदेशकाने त्याची टिंगल केली तर माणूस पुन्हा येत नाही. पुढे होऊन पाठिंबा देण्याचेही कारण नाही. "तुम्हाला यात काय दिसतं?" असे विचारले की बहुधा भावकीतला जुना वाद, जमिनीचा तुकडा, शेवटच्या वेळी न भेटलेली आई असे काहीतरी बाहेर येते. मात्र कोणी औषध बंद करायला सांगत असेल तर स्पष्ट बोलावे.

काही जण म्हणतात, हे एकट्या व्यक्तीचे शास्त्र आहे, आपल्याकडे माणूस कुटुंबात जगतो. आक्षेपात तथ्य आहे, पण उत्तरही आहे. माणूस एकटा बसून बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात घरचे सगळे असतातच. त्याला घराविरुद्ध उभे करायचे नसते. घराबद्दल त्याला खरोखर काय वाटते हे त्याला स्वतःला ऐकू येऊ द्यायचे असते. पुष्कळदा त्यातून घरी परत बोलणे सुरू होते. घरच्यांनी मात्र आत बसण्याचा आग्रह धरू नये. "आमच्यापासून काय लपवायचंय त्याला?" म्हणत आई खुर्ची ओढून बसली की मुलगा भेटभर फक्त "बरं आहे" म्हणतो.

आणि ज्याला माहिती हवी आहे त्याला माहिती द्यावी. नुकसानभरपाईचा अर्ज कुठे करायचा, रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, हे विचारल्यावर 'तुम्हाला काय वाटतं?' असे उलट विचारणे क्रूरपणाचे आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-श्रीवर्धनकडे छप्पर उडालेल्यांना आणि जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये चिखल उपसणाऱ्यांना आधी पत्रे, पाणी, कोरडे कपडे हवे होते. मनाचे बोलणे त्यानंतर, कधी कधी महिन्यांनी, सुरू होते. मदतीची पथके मात्र पहिल्या आठवड्यात येतात आणि तोवर परत गेलेली असतात.

गुप्ततेबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गुप्ततेचा हक्क दिला आहे. अपवाद पहिल्या भेटीतच सांगावे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने मागितले असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले असेल तर. शेवटच्या बाबतीत पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक आहे, शाळेची बदनामी होईल ही सबब चालत नाही. आणि समुपदेशक त्याच वाडीतला, नात्यातला असेल तर त्याने काम दुसऱ्याकडे सोपवावे. लग्नात पंगतीला शेजारी बसणाऱ्या माणसापाशी कोणी पूर्ण मोकळे होत नाही.

या पद्धतीच्या मर्यादा आम्ही ठळकपणे मांडू इच्छितो, कारण त्या न कळल्याने जीव जातात. कानात आवाज येणे, कोणी पाळतीवर आहे असा पक्का समज, झोपेविना कित्येक दिवस ओसंडणारा उत्साह, खाणेपिणे सुटून अंथरुणाला खिळणे: इथे आधी मानसोपचारतज्ज्ञ. राज्यातल्या मोजक्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे. त्याच्या नावाची भीती काढून टाकणे हे आपणा सर्वांचे काम आहे. सतत थकवा आणि उदासी असेल तर रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्यावे. शरीराचे दुखणे मनाच्या माथी मारणेही चूकच. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त टिकणारी उदासी 'होतं असं' म्हणून सोडू नये. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने कोणाच्या शपथेखातर एका दिवसात ती तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, ते प्राणावर बेतते. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. समुपदेशन त्याच्या जोडीने आणि नंतर.

जीव देण्याचा विचार मनात आहे अशी शंका आली तर सरळ विचारावे: "जगणं नको वाटतंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. कोणीतरी विचारले याने बहुतेकांना हायसे वाटते. 'होय' म्हणाला तर उपदेश नको, एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे. घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या घरी द्यावी. बागायती भागात हे एक पाऊल फार मोलाचे आहे. केंद्राची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. पोलीस केस होईल या भीतीने लोक दवाखान्यात जाणे लांबवतात. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ असे मानते की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती आणि तिला शिक्षा न करता तिची काळजी घेणे शासनाचे कर्तव्य आहे.

माणसे कुठून आणायची? प्रशिक्षित समुपदेशक थोडे आहेत, हे खरे. पण ऐकणे शिकवता येते. रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात संमतीने भेटींचे ध्वनिमुद्रण करायला सुरुवात केली ती यासाठीच. आपण ऐकतो असे वाटणारा समुपदेशक निम्मा वेळ स्वतःच बोलत असतो, हे मुद्रणात उघडे पडते. शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका यांच्यासाठी तिघांचा सराव चांगला चालतो: एक बोलतो, एक ऐकतो, एक फक्त पाहतो. पंधरा मिनिटे बोलणे, पाच मिनिटे पाहणाऱ्याचे निरीक्षण, मग जागा बदलायच्या. तासाभरात तिघांच्याही पाळ्या होतात. पाहणाऱ्याने एवढेच मोजायचे: सल्ले किती दिले, 'का' किती वेळा आले, कोण जास्त बोलले. असा सराव दर पंधरवड्याला, सहा महिने. एका दिवसाच्या कार्यशाळेने प्रमाणपत्र मिळते, कान तयार होत नाही. त्या माणसांना समुपदेशक म्हणू नये, नीट ऐकून योग्य ठिकाणी पाठवणारे म्हणावे. आणि त्यांच्याही पाठीशी महिन्यातून एकदा कोणी अनुभवी हवा. दुसऱ्यांचे ऐकून ऐकून आशाताई थकतात, त्यांचे कोणी विचारत नाही.

तेव्हा शाळा आणि ग्रामपंचायतींना आमची विनंती आहे, की शिबिराच्या मंडपाचे आणि सत्काराचे पैसे वाचवून वर्षभर आठवड्यातून एक दिवस येणारा एक समुपदेशक ठेवा. आठ-दहा शाळांनी मिळून ठेवला तरी चालेल. त्याला दार बंद होणारी खोली द्या आणि 'कोण कोण येऊन गेले' हे मुख्याध्यापकांनी विचारू नका. आपल्या दैनिकाला विनंती अशी, की आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचे वर्णन, चिठ्ठीतला मजकूर आणि 'परीक्षेत नापास झाल्याने' असे एककारणी मथळे टाळावेत आणि शेवटी १४४१६ हा क्रमांक द्यावा. भारतीय प्रेस परिषदेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात.

सुरुवात कधी करावी असे विचाराल तर १ जूनला. त्या दिवसापासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, खलाशी आणि तांडेल (नौकेचे प्रमुख) घरी असतात. आंब्याचा हंगामही उरकलेला असतो. घरात हातात काम नसलेला पुरुष, आटलेला पैसा आणि वाढलेली दारू यांनी हेच दोन महिने अनेक घरांत सर्वांत कठीण जातात. ६१ दिवसांत आठवड्याला एक याप्रमाणे आठ भेटी होतात. मच्छीमार सहकारी संस्थांच्या कार्यालयांत या काळात वर्दळ कमी असते आणि बहुतेक इमारती स्लॅबच्या आहेत. संस्थांनी एक खोली आठवड्यातून एक सकाळ मोकळी करून दिली, तर यंदाच्या पावसाळ्यातच काम सुरू करता येईल.

आपले,
समुपदेशन क्षेत्रात काम करणारे काही जण
रत्नागिरी व सिंधुदुर्ग